काहाल चित्रकार होता की शास्त्रज्ञ? लेकीच्या जर्नलवरून पडलेला प्रश्न

कर्वेनगरची_आई
नमस्कार मंडळी, लेक यंदा एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे. हिस्टॉलॉजीच्या (मायक्रोस्कोपखाली पेशी आणि ऊती बघायचा विषय) जर्नलसाठी गुलाबी आणि जांभळी पेन्सिल घेऊन रात्री उशिरापर्यंत बसते, एकेक पेशी रंगवते. तिचे बाबा म्हणतात मोबाइलने स्लाइडचा फोटो काढ आणि चिकटव, कशाला एवढा वेळ घालवायचा. बारावीनंतर तिच्या मनात अभिनव कला महाविद्यालयात जायचं होतं, त्यामुळे हा विषय घरात जरा नाजूक आहे. कॉलेजात सरांनी तिला काहालचं नाव सांगितलं. त्याची चित्रं नुसती सुंदर होती की संशोधनात खरंच उपयोगी पडली? कोणी नीट सांगेल का?

पाषाणकर
ताई, उपयोगी काय, त्याचं अर्धं संशोधन त्या चित्रांतच आहे! सांतियागो रामोन इ काहाल, मेंदूच्या पेशींचा संशोधक, जन्म १८५२, स्पेनमधलं पेतिया नावाचं छोटं गाव. त्या काळी बऱ्याच जणांना वाटायचं की मेंदूतले सगळे तंतू एकमेकांत मिसळून एकच सलग जाळं झालंय. इटलीच्या गोल्जीने १८७३ मध्ये डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून रंगवायची पद्धत काढली, तिची गंमत अशी की मोजक्याच पेशी रंगतात पण ज्या रंगतात त्या पिवळसर पार्श्वभूमीवर पूर्ण काळ्याभोर दिसतात. काहालने ती १८८७ मध्ये माद्रिदला पाहिली आणि पुढे स्वतः सुधारली, मेंदूचा तुकडा त्या रसायनांत दोनदा बुडवायचा, काप जाड घ्यायचे आणि पक्ष्यांची पिल्लं किंवा भ्रूण वापरायचे, कारण त्यांच्या तंतूंवर मायलिनचं आवरण अजून चढलेलं नसतं.

आता फोटोचं. जाड कापात एकच पेशी वरखाली पसरलेली असते, एका फोकसला तिच्या फांदीचा एक तुकडा दिसतो, मायक्रोस्कोपचं बटण फिरवलं की तो धूसर होतो आणि दुसरा दिसतो. हे सगळे थर डोक्यात जुळवून एका कागदावर आणायचे तर हातच लागतो. आणि तेव्हा कॅमेरा नव्हता असं मुळीच नाही, हा माणूस स्वतः फोटोग्राफीचा वेडा होता, रंगीत फोटोग्राफीवर १९१२ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं! तरी पेशींसाठी पेन आणि शाईच धरली. फांदी कुठे संपते ते दरवेळी काढावं लागलं म्हणूनच त्याला दिसलं की ती खरंच संपते, पुढच्या पेशीत मिसळत नाही. हे त्याने १८८८ मध्ये छापलं.

कर्वेनगरची_आई
बापरे, इतकं माहीत नव्हतं. घरचे चित्रकलेला तयार होते का त्याच्या?

डॉक्टर_सदाशिवपेठ
अजिबात नाही. वडील डॉक्टर, चित्रकला म्हणजे वाया गेलेला पोरगा असं त्यांचं मत. पोराला न्हाव्याकडे आणि चांभाराकडेही कामाला लावलं होतं. शेवटी १८६८ च्या उन्हाळ्यात त्यांनीच त्याला स्मशानातून आणलेली हाडं समोर ठेवून शरीररचना शिकवली आणि ती हाडं रेखाटता रेखाटता पोरगा मेडिकलकडे वळला. नंतर वडीलही बदलले, दोघांनी मिळून चित्रांचा अ‍ॅटलास करायला घेतला होता, तो छापला मात्र गेला नाही. १९०६ चं नोबेल त्याला आणि गोल्जीला मिळून दिलं, तर गोल्जीने आपल्या भाषणात काहालच्याच सिद्धांताला विरोध केला! दोन पेशींमधली फट डोळ्यांनी दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, म्हणजे काहाल जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर.
तुमच्या लेकीला पर्किंजे पेशीचं (लहान मेंदूतली एक पेशी) चित्र नक्की दाखवा, पुस्तकात दाबून ठेवलेल्या नेच्याच्या पानासारखा चपटा पिसारा आहे.

वनस्पतीवेडी
मी टॅक्सॉनॉमीवाली, म्हणजे वनस्पतींचं वर्गीकरण करणारी, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे आजही नवीन प्रजाती जाहीर करताना फोटोंच्या जोडीला लाइन ड्रॉइंग देतात. फोटोत त्या एका फुलाची सुकलेली कड, पडलेली सावली सगळं येतं. काढणारा पाच-सहा फुलं उलगडून बघतो आणि प्रजातीचं जे असतं तेच ठेवतो. ताई, तिला काढू दे, पण पुस्तकातली आकृती उतरवून नको. आधी स्लाइड भरपूर बघायची, मग नजर हटवून आठवणीतून काढायचं आणि पुन्हा ताडून बघायचं. काहालही बरंचसं असंच काम करायचा.

पाषाणकर
+१. आणि एक राहिलंच, त्याच्या बऱ्याच चित्रांत फांद्यांशेजारी छोटे बाण आहेत ते बघायला सांगा. संदेश फांद्यांकडून पेशीत येतो आणि लांब तंतूतून बाहेर जातो ही दिशा त्याने मेलेल्या, रंगवलेल्या पेशींच्या नुसत्या आकारांवरून आणि जोडण्यांवरून ओळखली होती, आणि ती बहुतेक ठिकाणी बरोबर निघाली.