‘बिशू’ला मराठीत काय म्हणावं? मदत हवी आहे

सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी पोर्तुगीज फुटबॉलपटू जॉर्ज कोस्टावर छोटा लेख लिहितोय. २००४ ला चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या पोर्तो क्लबचा कर्णधार, पोर्तुगालसाठी ५० सामने, पुढे गॅबॉनचा आणि २०१८ ते २०२० मुंबई सिटीचा कोच. ऑगस्ट २०२५ मध्ये ५३ व्या वर्षी गेला. ही माहिती जुळवून झाली आहे, त्यामुळे लिंक नकोत. (गोव्याच्या संघाने उपान्त्य फेरीत त्याच्या मुंबईला घरात येऊन ५-१ हाणलं, तेही लिहिलंय, नाइलाजाने.)

अडलंय ते टोपणनावाशी. पोर्तोत त्याला ‘बिशू’ म्हणत. शब्दशः अर्थ जनावर, पण त्यात कौतुक आणि थोडा धाक. ‘जनावर’ लिहिलं तर मराठीत शिवीच वाटते. ‘वाघ’ फार गुळगुळीत, ‘राक्षस’ भलतंच. ‘रेडा’ खोडून पुन्हा लिहिलाय, धडक बरोबर बसते, पण श्रद्धांजलीच्या लेखात लोक हसतील.

तळटीप चालणार नाही, संपादक काकू कापतात. मूळ शब्द एकदाच देता येईल. पोर्तुगीज जाणणारे गोव्याचे कुणी आहेत का इथे? कोकणी किंवा मालवणीत असा धसमुसळ्या पण आपल्या माणसासाठी प्रेमाने वापरतात असा एखादा शब्द आहे का?