वाळूच्या बेटावर गाड्यांच्या ताफ्यासोबत : नाशिककरांचे अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात किनाऱ्यालगत सुमारे १२० किलोमीटर लांबीचे, जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट आहे. अनेक वर्षे ते फ्रेझर आयलंड म्हणून ओळखले जाई. जून २०२३ पासून बुचुला या मूळ रहिवाशांनी दिलेले के'गारी हे नाव त्याला अधिकृतपणे पुन्हा मिळाले. या बेटावर डांबरी रस्ते जवळजवळ नाहीतच, त्यामुळे पाठपिशवी घेऊन येणारे बहुतेक तरुण प्रवासी ‘टॅग-अलाँग’ पद्धतीने फिरतात. पुढच्या गाडीत मार्गदर्शक असतो आणि मागच्या तीन-चार फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या प्रवासी स्वतः आळीपाळीने चालवतात. आपल्या नाशिकमधून शिक्षण, नोकरी किंवा मुलांना भेटण्याच्या निमित्ताने ब्रिस्बेनकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यांपैकी काही जण या ताफ्यांतून फिरून आले आहेत. त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी कुठेही मिळते. वाळूत गाडी चालवणे म्हणजे नेमके काय, आणि अनोळखी माणसांच्या गटात ते कसे जमते, यावर भर दिल्यास पुढे जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

सातपूर येथून, वाहन उद्योगातील अभियंता

थार ही गाडी आपल्याच नाशिकच्या कारखान्यात तयार होते आणि पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूला चिखलात गाड्या घालणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही, त्यामुळे आमच्या वर्तुळात ‘वाळू म्हणजे काय, चिखलासारखेच की’ असे सहज बोलले जाते. मला ते पटत नाही. चिखलात पाऊस हा शत्रू असतो, तर वाळूत तोच मित्र ठरतो, कारण ओली वाळू घट्ट बसते. बेटाच्या आतल्या जंगलातील पायवाटेएवढ्या अरुंद रस्त्यांवर पाऊस पडून गेल्यानंतर गाडी अगदी सुरळीत चालते, आणि बरेच दिवस कोरडे गेले की त्याच रस्त्याची वाळू भुसभुशीत होऊन धान्याच्या राशीवर चढताना पाय जसा आत आत जातो तसे चाक आत जाऊ लागते.

बेटावर उतरण्यापूर्वी सर्वांना एकत्र उभे करून पहिली गोष्ट शिकवली गेली ती टायरमधील हवा कमी करण्याची. डांबरी रस्त्यावर तीस-पस्तीसच्या घरात असणारा दाब वाळूसाठी अठरा ते वीस पीएसआयपर्यंत खाली आणला जातो. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबतो आणि गाडीचे वजन अधिक जागेवर वाटले जाते. आमच्या गाडीत बसलेल्या एका जर्मन मुलीने गुडघ्यावर बसून व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून धरली होती आणि मार्गदर्शक तिच्या शेजारी दाबमापक घेऊन मोठ्याने आकडे वाचत होता. चारही चाके होईपर्यंत बाकीचे सगळे उन्हात गुपचूप उभे होते. हवा कमी असताना वेगात जोराने वळण घेतले तर टायर रिममधून निसटू शकतो, ही त्या सवलतीची दुसरी बाजूही तेव्हाच सांगितली गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रेक. वाळूत करकचून ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो आणि पुन्हा निघताना तोच ढीग आडवा येतो. त्यामुळे अॅक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप मंद होऊ द्यायची, थांबायचे असेल तर शक्यतो उतारावर तोंड करून थांबायचे, आणि आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या असतील तर त्यांतूनच जायचे. चाकोरीतून बाहेर पडण्यासाठी स्टिअरिंग जोरजोराने फिरवणाऱ्याची गाडी हमखास रुतते. इंडियन हेड या खडकाळ टोकाला वळसा घालणारा मऊ वाळूचा पट्टा यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे आमच्या मागच्या गाडीचा चालक घाबरून मध्येच थांबला आणि गाडी खालच्या भागापर्यंत वाळूत बसली. वायरलेसवरून मार्गदर्शकाचा आवाज आला, ‘आता कोणीही रेस करू नका.’ मग फावड्याने चारही चाकांपुढची वाळू काढण्यात आली, प्लास्टिकच्या खाचा असलेल्या फळ्या चाकांखाली सरकवण्यात आल्या, आणि लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, गाडी हळूच बाहेर आली. रेस केली असती तर चाकांनी आणखी खोल खड्डा केला असता, इतके साधे गणित आहे. पण घाबरलेल्या माणसाचा पाय नेमका तिकडेच जातो.

मार्गदर्शक सक्तीचा का, असा प्रश्न काही जण विचारतात. पूर्वी पाठपिशवीवाल्या पर्यटकांच्या हातात थेट भाड्याची गाडी देत असत, आणि सामानाने व माणसांनी खचाखच भरलेल्या उंच गाड्या किनाऱ्यावर उलटून माणसे दगावली. त्यानंतर नियम कडक झाले. किनारा सपाट आणि मोकळा दिसतो म्हणून वेग वाढवावासा वाटतो, पण मधूनच गोड्या पाण्याचे ओढे समुद्राकडे जाताना वाळू कापून खोल घळी करतात आणि त्या दुरून दिसत नाहीत. पूर्व किनारा हा कायद्याने सार्वजनिक रस्ताच आहे. तिथे कमाल वेग ताशी ८० किलोमीटर असून आतल्या रस्त्यांवर तो ३० आहे, पट्टा बांधावा लागतो, मद्यपानाची तपासणी होते, आणि त्याच किनाऱ्याच्या काही भागावर छोटी विमाने उतरतात, तेव्हा गाड्यांनी बाजूला व्हायचे असते.

कॉलेज रोड येथून, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी

वरील सर्व तांत्रिक माहितीशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते ताफ्यातली खरी कसोटी गाडीबाहेर असते. मी एकटीच गेले होते. एका गाडीत आठ जणांपर्यंत बसवतात, आणि गाडीतली माणसे आयोजकच ठरवतात. आमच्या गाडीत फ्रेंच, कोरियन आणि आयरिश अशी मंडळी होती, त्यातल्या दोघांना मॅन्युअल गिअर येत नव्हता, एकाचे वय ताफ्यात गाडी चालवण्यासाठी लागणाऱ्या वयोमर्यादेपेक्षा कमी होते, आणि म्हणून उरलेल्यांवर चालवण्याचा भार आला. भारतात डाव्या बाजूने चालवण्याची सवय असल्यामुळे युरोपातल्या मुलांपेक्षा आपल्याला ते खूपच सोपे जाते, आणि मला सगळ्यांनी आपणहून पुढे बसवले. घरी आई-बाबांच्या गाडीला हात लावायचा तर चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, त्यामुळे हा मान मला जरा जास्तच आवडला, हे मान्य करते.

गटात पहिल्या संध्याकाळी कामे वाटून घेतली नाहीत तर स्वयंपाक आणि भांडी नेहमी त्याच दोघा-तिघांच्या गळ्यात पडतात. आमच्याकडे मार्गदर्शकाने एक साधी युक्ती केली. जी गाडी सकाळी शेवटी तयार होईल, तिने त्या रात्रीची भांडी घासायची. परिणामी सगळे झटपट आवरू लागले. हे लिहिण्याचे कारण असे की वाळूवरच्या ताफ्यात एका गाडीचा उशीर हा सर्वांचा उशीर असतो, कारण समुद्र कोणासाठीही थांबत नाही. मधल्या एखाद्या गाडीला मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली, तर तिने थांबून वायरलेसवर कळवायचे, हा नियम आम्ही इतका पाळला की परत आल्यावर गंगापूर रोडवर मैत्रिणींच्या दुचाकी मागे राहिल्या तरी मी आपोआप वेग कमी करत असे.

एकट्या मुलीने जावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. तंबूंचा तळ कुंपणात असतो, रात्री स्वच्छतागृहाकडे जातानासुद्धा एकटे जायचे नाही असा दंडक असतो, तोही माणसांपेक्षा डिंगो कुत्र्यांमुळे. झोप मात्र फारशी मिळत नाही, कारण रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी थोड्या मोठ्या वयोगटासाठीच्या सहली शोधाव्यात.

नाशिक रोड येथून, निवृत्त शिक्षिका

माझा मुलगा ब्रिस्बेनला असतो आणि त्याच्या आग्रहाने, वयाचा विचार न करता, मी ताफ्यातल्या एका गाडीत मागच्या आसनावर बसून हे बेट पाहिले. गाडी चालवण्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, पण भरती-ओहोटीबद्दल सांगावेसे वाटते, कारण आपण नाशिककर घाटावरची माणसे आहोत आणि गोदावरीला पूर येतो एवढेच आपल्याला माहीत असते. किनाऱ्यावरून गाडी चालवण्याची सुरक्षित वेळ म्हणजे ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत. तेव्हाच पाण्यालगतची घट्ट, ओली वाळू उघडी असते. भरतीच्या वेळी फक्त वरची मऊ वाळू उरते आणि पडलेली झाडे, घळी यांच्यामध्ये अडकायची भीती असते. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आदल्या दिवसाचे वेळापत्रक दुसऱ्या दिवशी चालत नाही.

माझे माहेर कोकणातले असल्याने उधाणाची भरती आणि भांगाची भरती हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेले आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप वर येते आणि खूप खाली जाते, तर अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो. मार्गदर्शक मोबाइलमध्ये तक्ता पाहत असताना मी त्याला ‘आज पौर्णिमा आहे, पाणी बरेच वर येईल’ असे मुलाकरवी सांगितले. त्याने तक्ता दाखवून मान डोलावली आणि नंतर प्रत्येक सकाळी तो मलाच आधी विचारू लागला. सहलीची तारीख ठरवताना दिनदर्शिकेत तिथी पाहून ठेवल्यास किनाऱ्यावरचा प्रवास कसा होईल याचा अंदाज घरबसल्या येतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

*(संयोजक : शाकाहारी मंडळींची सोय कशी होते आणि डिंगोंबाबत नेमके कोणते नियम आहेत, याविषयी कोणी लिहील का?)*

इंदिरानगर येथून, एक दाम्पत्य

आम्ही दोघे शाकाहारी आहोत आणि नोंदणी करतानाच तसे कळवले होते, तरी प्रत्यक्षात शाकाहाराची कल्पना पास्ता, कोशिंबीर आणि भाजलेले मके इथपर्यंतच जाते. आम्ही नाशिकहून कांदा-लसूण मसाल्याची पाकिटे नेली होती. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाद्यपदार्थांची नोंद करणे बंधनकारक आहे आणि न सांगता नेलेली वस्तू सापडल्यास दंड होतो, त्यामुळे आम्ही सर्व काही लिहिले. अधिकाऱ्याने पाकीट उघडून वास घेतला, शिंकला, हसला आणि परत दिले. पुढे बेटावर त्या मसाल्यात परतलेले बटाटे खाऊन बाकीच्या गाड्यांमधील मुले ताटे घेऊन आमच्याकडे येऊ लागली, आणि दुसऱ्या रात्रीपासून बटाटे आमच्याकडेच लागले.

डिंगोंचे नियम मात्र गंमतीचा विषय नाहीत. तिथले डिंगो रानटी असून माणसावर हल्ले झालेले आहेत. त्यांना खायला घालणे गुन्हा आहे, आणि तो केवळ दयेपोटी केला तरी गुन्हाच ठरतो, कारण खाण्याची सवय लागलेला डिंगो पुढे माणसांवर धावून जातो आणि अखेर त्यालाच मारावे लागते. अन्न, कचरा आणि टूथपेस्टसारख्या वासाच्या वस्तूसुद्धा तंबूत न ठेवता गाडीत कुलूपबंद ठेवाव्या लागतात. मुलांना हात पोहोचेल इतक्या जवळ ठेवायचे, डिंगो दिसला तर पळायचे नाही, त्याच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरायचे. एका पहाटे कुंपणाबाहेर एक डिंगो आमच्या गाडीच्या मागच्या दाराच्या फटीशी बराच वेळ नाक लावून उभा होता. मसाल्याचा डबा नेमका त्याच बाजूला होता.

पंचवटी येथून

मी थोडा विरोधी सूर लावतो. ताफ्यातल्या गाड्यांचे कौतुक वाचून असे वाटते की बेट हे गाड्या चालवण्यासाठीच आहे. हे बेट १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, ते तिथल्या निसर्गामुळे. दक्षिणेकडून समुद्राच्या प्रवाहांनी लाखो वर्षे वाहून आणलेल्या वाळूवर उंच वर्षावन उभे आहे, हे जगात क्वचितच पाहायला मिळते. बुरांगूरा, म्हणजे मॅकेंझी सरोवर, हे वाळूच्या टेकडीवर अधांतरी साठलेले पावसाचे पाणी आहे. तळाशी कुजलेल्या पाल्याचा आणि वाळूचा घट्ट थर असल्यामुळे ते झिरपून जात नाही आणि त्याला येणारा किंवा जाणारा एकही ओढा नाही. म्हणजे अंगाला चोपडलेले सनस्क्रीन पाण्यात गेले की ते वाहून जाणार नाही, तिथेच राहील. तरीही गाड्या थांबताच सगळे तेल, क्रीम लावून पाण्यात उड्या घेतात. रामकुंडावर काय चालते ते रोज पाहणाऱ्या माणसाला हे पाहून फार वेगळे वाटले नाही.

किनाऱ्यावर महेनो जहाजाचा गंजलेला सांगाडा आहे. १९०५ साली बांधलेले हे प्रवासी जहाज पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरले गेले आणि १९३५ मध्ये भंगारासाठी जपानकडे ओढून नेत असताना वादळात सुटून या किनाऱ्याला लागले. तिथेही गाड्यांची रांग, छायाचित्रे, आणि पुढे चला. ज्यांना पाय आहेत त्यांच्यासाठी डिली गावापासून हॅपी व्हॅलीपर्यंत सुमारे ९० किलोमीटरची पायवाट आहे. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी चढणाऱ्या नाशिककरांना ती मुळीच जड जाणार नाही, पाणी आणि डिंगोंची काळजी घेतली म्हणजे झाले. मी ताफ्यातून फिरलो आणि पुढच्या वेळी पायी जाणार आहे.

सातपूर येथून, पुन्हा

पंचवटीच्या मित्रांचे म्हणणे रास्त आहे, सनस्क्रीनबद्दल तर पूर्णच. गाडीच्या बाबतीत एक भर घालतो. लाटांच्या पाण्यातून गाडी नेऊन छायाचित्र काढण्याचा मोह कोणीही करू नये, कारण खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान भाड्याच्या विम्यात सहसा धरत नाहीत आणि बेटावरून परतताना गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊनच ती परत द्यावी लागते. आपल्याकडे कोकणातल्या किनाऱ्यांवर दर सुटीत कोणाची तरी गाडी भरतीत सापडल्याच्या बातम्या येतात. इथे ताफा, मार्गदर्शक, टायरची हवा आणि ओहोटीचे गणित यांपैकी काहीच नसते, आणि मुळात बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाईच असते. परवान्याबद्दल ज्यांनी व्यक्तिगत संदेश पाठवून विचारले त्यांच्यासाठी : आपला भारतीय वाहन परवाना इंग्रजीत असल्यास पर्यटक म्हणून क्वीन्सलँडमध्ये गाडी चालवता येते, पण काही आयोजक आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, तेव्हा नोंदणीपूर्वी त्यांना लेखी विचारावे आणि तो लागत असल्यास निघण्याआधीच आरटीओतून काढून ठेवावा.