आईची धाप: श्वासाच्या स्नायूंसाठी कुठलं यंत्र घ्यावं?

धागाकर्ती
आईचं वय 63, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा जुनाट फुप्फुसविकार) आहे. विडी-तपकीर कधीच नाही, पण तीस-पस्तीस वर्षं चुलीपुढे फुंकणी फुंकली. पंप नियमित घेते, घ्यायची पद्धतही डॉक्टरांना दाखवून झाली. तरी वेणी घालायला हात वर केले की धाप लागते. मग ओट्यावर दोन्ही कोपरं टेकून वाकून उभी राहते, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. बघवत नाही. डॉक्टर म्हणाले, श्वासाचे स्नायूही कमजोर झालेत. मेडिकलमधून तीन चेंडूंचं यंत्र आणलं, महिना झाला, काही फरक नाही. दुसरं कुठलं घेऊ? कुणाच्या घरी अनुभव आहे का?

गोदाकाठ
ताई, मी फिजिओ आहे. तीन चेंडूंचं यंत्र मुख्यतः ऑपरेशननंतर फुप्फुसं नीट फुगावीत म्हणून देतात. त्यात स्नायूवर म्हणावं तसं ओझं पडत नाही.

सीओपीडीत हवा आत अडकून छाती फुगलेलीच राहते आणि घुमटासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, सपाट होतं. आधीच आखूड झालेला स्नायू आणखी किती आखडणार? मग मान-खांद्याचे स्नायू मदतीला येतात. वेणी घालताना नेमके तेच हात उचलण्यात गुंततात. कोपरं टेकली की खांद्यांना आधार मिळतो, ते स्नायू पुन्हा श्वासाच्या कामी येतात. आईंना हे कुणी शिकवलं नसेल, पण अगदी बरोबर आहे. थांबवू नका.

तुम्हाला हवं ते स्प्रिंगच्या झडपेचं, 'थ्रेशोल्ड' प्रकारचं यंत्र. ठरावीक जोराने श्वास ओढला तरच झडप उघडते. पण घेण्याआधी ओढीचा दाब, म्हणजे पूर्ण जोराने श्वास ओढताना तोंडाशी तयार होणारा दाब, मोजून घ्या. तो 60 पेक्षा कमी असेल (हा दाब 'सेंटिमीटर पाणी' या एककात मोजतात) तर स्नायू कमजोर धरतात. आईंचा जो दाब निघेल त्याच्या 30 टक्क्यांपासून सुरुवात, सकाळ-संध्याकाळ 30-30 श्वास, जमेल तसा ताण वाढवत किमान आठ आठवडे. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा प्रकार झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आजार उसळलेला असताना बंद.

शेवगा
आमच्या बाबांचं सांगतो. नुसत्या यंत्राने दाबाचा आकडा वाढला, जिना मात्र तसाच जड. फरक पडला तो फिजिओच्या देखरेखीखाली चालणं आणि मांड्यांचे व्यायाम सुरू केल्यावर. पाय लवकर थकले की धापही लवकर लागते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आणखी एक चूक आमच्या घरात झाली, ती तुम्ही करू नका. दर वेळी खोकला वाढला की बाबा जुनी चिठ्ठी दाखवून स्टिरॉइडच्या गोळ्या आणायचे. वारंवार घेतल्या की त्यानेही स्नायू झडतात. वजनही बघा. पोट भरलं की धाप लागते म्हणून ही माणसं जेवण तोडतात. आम्ही दोन घास कमी पण पाच वेळा देतो: अंडं, मुगाचं धिरडं, दही.

गोदाकाठ
शेवगा, पायांचं अगदी खरं. ताई, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा पेंग येते का, हेही विचारा. तसं असेल तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासायला हवा, यंत्राचं नंतर बघू. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर स्वतःहून कधीही वाढवू नका.

धागाकर्ती (नऊ आठवड्यांनी)
दोघांचे मनापासून आभार. दाब 42 निघाला होता, 13 वर सुरू केलं, आता 20 वर आहोत. रोज अंगणात फेऱ्याही चालू आहेत. धाप आहेच, पण वेणी मध्ये एकदाच थांबून पुरी होते. फक्त यंत्र वापरताना नाक बंद ठेवायचा चिमटा तिला सहन होत नाही, जीव घाबरतो म्हणते. काय करू?

गोदाकाठ
चिमटा सोडून द्या. ओठ नळीभोवती घट्ट मिटले आणि श्वास तोंडानेच ओढला तर पुरतं. नाकाने हवा जातेय असं वाटलं तर बोटांनी हलकेच धरायला सांगा, म्हणजे सोडणं तिच्या हातात राहील. आणि नळी आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या.