नाताळच्या सुट्टीतील लाल वही : आपला वाचनानुभव लिहावा

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की मी कपाटातून दरवर्षी एकच पुस्तक काढते. रेचल कोन आणि डेव्हिड लेव्हिथन या दोघांनी मिळून लिहिलेली, २०१० साली प्रसिद्ध झालेली ‘डॅश अँड लिलीज बुक ऑफ डेअर्स’ ही कादंबरी कुमारवयीनांसाठी आहे आणि ते वय मागे पडून मला बराच काळ लोटला आहे, तरीही. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेली माझी प्रत आता मधोमध उसवली असून सुटलेली पाने रबरबँड लावून धरून ठेवावी लागतात.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कच्या ‘स्ट्रँड’ या पुस्तकांच्या दुकानात २१ डिसेंबरला डॅशला अमेरिकी लेखक जे. डी. सॅलिंजरच्या पुस्तकांशेजारी एक लाल वही सापडते. आत लिलीच्या अक्षरात कोडी असतात. ती सोडवायची असतील तर पान उलटायचे, नाहीतर वही होती तिथे ठेवून द्यायची. डॅशला नाताळाचा तिटकारा आहे. विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी प्रत्येकाला ‘मी दुसऱ्याकडे आहे’ असे सांगून त्याने सुट्टी स्वतःपुरती मोकळी करून घेतली आहे. लिलीला नाताळ जीव की प्राण, पण नेमके यंदा तिचे आईवडील पंचवीस वर्षे लांबलेल्या मधुचंद्रासाठी फिजीला निघून गेले आहेत. मग वही शहरभर हिंडते आणि ही दोघे एकमेकांना न पाहताच आव्हाने देत राहतात. शेवटी काय होणार हे पहिल्या वीस पानांतच कळते आणि मला वाटते, गंमत नेमकी तिथेच आहे. शेवटाची धास्ती नसल्यामुळे होणारा उशीर आपल्याला चवीने वाचता येतो. आपण ही किंवा अशी हलकीफुलकी प्रेमकथा कधी आणि कुठे वाचली, ते सविस्तर लिहावे.

ठाण्याहून :
ताईंनी वय विचारले नाही हे बरे झाले, तरी सांगतो, मी ५९ वर्षांचा आहे. मुलगी वसतिगृहावर गेली तेव्हा हे पुस्तक घरीच राहिले आणि मी ते लोकलमध्ये वाचायला घेतले. मुखपृष्ठ कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याला खाकी कव्हर घातले होते; त्यावरून शेजारच्या गृहस्थांनी ‘साहेब, या वयात खात्याची परीक्षा का?’ असे विचारले आणि मी ‘होय’ म्हणालो. पुस्तकातील वहीची देवाणघेवाण वाचताना मात्र मला १९९१ साल आठवले. लग्न ठरल्यानंतरचे सहा महिने मी मुंबईत आणि सौ. सांगलीत होती, आणि दोघांच्याही घरी दूरध्वनी नव्हता. तिच्या अंतर्देशीय पत्रात जागा संपली की शेवटच्या चार ओळी कडेने उभ्या लिहिलेल्या असत, आणि त्या वाचण्यासाठी पत्र हातात फिरवावे लागे. महत्त्वाचे जे काही असे, ते नेहमी त्या उभ्या ओळींतच असे. डॅश आणि लिली समोरासमोर आल्यावर त्यांची जी अडखळ होते, तिचे मला त्यामुळेच मुळीच नवल वाटले नाही. लग्नाआधी सांगलीस गेलो तेव्हा आम्ही दोघेही अर्धा तास उसाच्या भावाबद्दल बोलत होतो.

न्यू जर्सीहून :
मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी हे पुस्तक आळीपाळीने मोठ्याने वाचत होतो, लिलीची प्रकरणे ती आणि डॅशची मी. नंतर समजले की मूळ लेखनही असेच झाले होते. लिलीची प्रकरणे कोन यांनी आणि डॅशची लेव्हिथन यांनी लिहिली, पुढे काय घडवायचे हे आधी न ठरवता ती एकमेकांना ईमेलने पाठवली. संवादांना जो टेनिससारखा वेग आहे, तो मला वाटते त्यामुळेच आला असावा. सुट्टीत आम्ही ब्रॉडवे आणि बाराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील ‘स्ट्रँड’मध्ये गेलो. दुकान १९२७ सालचे आहे, आणि ‘अठरा मैल पुस्तके’ हे त्याचे ब्रीद तिथल्या पिशव्यांवरही छापलेले असते. सॅलिंजरच्या फळीवर लाल वही अर्थातच नव्हती. मुलीने किराणाच्या पावतीमागे ‘तुला पुरणपोळी आवडते का?’ असे मराठीत लिहून तिची घडी दोन पुस्तकांच्या मध्ये सरकवली. इंग्रजीत का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर ‘मग कोणीही उत्तर देईल’ असे ती म्हणाली.

कोल्हापूरहून :
माझे मत थोडे वेगळे आहे. सोळा वर्षांची मुले इतकी नटवून बोलत नाहीत. आमचे सोळा वर्षांचे चिरंजीव ‘हं’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर अख्खा दिवस भागवतात. पुस्तक एका बैठकीत संपले, हे मात्र मान्य करावे लागेल.

वसईहून :
आमच्याकडे नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा, मुलांनी मांडलेला गव्हाणीचा देखावा आणि दारोदार गायली जाणारी नाताळगीते. या कादंबरीतला नाताळ प्रामुख्याने दिव्यांचा, दुकानांचा आणि गर्दीचा आहे, त्यामुळे सुरुवातीस मी जरा हिरमुसले. परंतु लिली हौसेने गाणाऱ्यांची टोळी जमवते, ते वाचल्यावर ती मला आमच्याच आळीतली वाटू लागली. आमच्या टोळीत पेटी वाजवणारा एक मुलगा होता आणि त्याचा सूर नेहमी अर्धी पट्टी वर असे. त्याच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही, कारण तो आता या घरात चहाची वाट पाहत बसला आहे.

धागाकर्ती :
वसईच्या ताईंनी हे प्रकरण अर्धवट ठेवू नये, अशी विनंती. कोल्हापूरकरांचा आक्षेप रास्त आहे. डॅशला शब्दकोशांचे वेड आहे आणि ते कधीकधी वाचकाच्या अंगावर येते. पुढील भागांविषयी सांगायचे, तर दुसरा २०१६ साली आणि तिसरा २०२० साली आला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आठ भागांची मालिकाही आली होती, पण पुस्तक आधी वाचावे. ठाण्याच्या काकांनी खाकी कव्हर काढायला आता हरकत नाही.