शेतावरचं पिल्लू, कोंबडी आणि 'आज्ञापालन': त्या पोस्टला उत्तर

रानवाट: एका विश्वासणाऱ्या भावाची पोस्ट वाचली. शेतावर राखणीसाठी आणलेल्या पिल्लाने सकाळी कोंबडी मारली. याने संध्याकाळी ती कोंबडी त्याच्या तोंडापुढे धरून त्याला झोडपलं. आता म्हणे ते नुसत्या नजरेने जमिनीला लागतं, आणि विश्वासणाऱ्यानेही प्रभूपुढे असंच असावं. खाली ढीगभर आमेन. मला गप्प बसवेना.

आधी कुत्र्याचं. सकाळच्या गोष्टीचा मार संध्याकाळी दिला तर कुत्र्याला त्याचा संबंध लागत नाही. ते एवढंच शिकतं की हा माणूस असा चालत आला की दुखतं. कान मागे, शेपूट पायांत, नजर चुकवणं, ओठ चाटणं ही भीती आहे, पश्चात्ताप नाही. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं: कुत्र्याचा 'अपराधी' चेहरा मालकाच्या रागावण्यावर येतो, त्याने गुन्हा केला असो वा नसो.

आता शास्त्राचं, म्हणजे बायबलचं. १ योहान ४:१८ सांगतं की पूर्ण प्रीती भीती घालवून देते. स्तोत्र २३ मधली काठी मेंढराला धीर देते. त्या पोस्टमधल्या काठीने कोणाला धीर दिला?

जुना_विश्वासी: सोयीची वचनं बरोबर सापडतात. इब्री १२:६ कुठे गेलं? ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्यालाच तो शिक्षा करतो. नीतिसूत्रे १३:२४ सुद्धा वाचा: जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो. आमच्या वडिलांनी मेंढरांमागे लागणाऱ्या पिल्लाला एकदाच बडवलं, ते म्हातारं होऊन मेलं तोवर कळपात राहिलं. शेजारच्यांनी लाड केले, त्यांच्या कुत्र्याने कोकरं फाडली आणि शेवटी त्याला मारावं लागलं. यातली दया कोणती ते सांगा.

गोठ्यातली: मार-मार काय करताय, साखळीचं कोणीच बोलत नाही! राखणीच्या जातीचं वाढतं पिल्लू दिवसभर खुंट्याला, आणि सुटलं की पहिल्यांदा समोर दिसते फडफडणारी कोंबडी. ते धावणारच. माझी कुत्री मी लांब दोरीवर खुराड्याजवळ घेऊन बसायची. कोंबडीकडे बघून तिने मान माझ्याकडे वळवली की लगेच खाऊ. आज कोंबड्या तिच्या पाठीवरून उड्या मारतात.

बांधावरचा: ताई, बोलायला सोपं आहे. माझं मोकळं होतं, गाडीखाली गेलं. मी ते पोत्यात भरून आणलंय. त्यानंतरचं बांधूनच ठेवलं आणि ते जिवंत आहे.

गोठ्यातली: वाईट वाटलं, खरंच. पण मोकळं सोडा असं मी कुठे म्हटलं? कुंपण आहे, लांब दोरी आहे, सोबत फिरवणं आहे. साखळीवरच्या कुत्र्याच्या पट्ट्याखाली बोट घालून बघा. केस गेलेले असतात, कातडी ओली असते. नीतिसूत्रे १२:१० म्हणतं, नीतिमान माणूस आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो.

बांधावरचा: म्हणजे मी अनीतिमान? कुंपणाचा खर्च तुम्ही देणार का? शेतात राबणाऱ्याला वचनं ऐकवू नका.

गोठ्यातली: मीही शेतातच राबते. शेण काढून झाल्यावर लिहितेय हे.

पाळकाचा_मुलगा: साखळीवरून भांडण पेटलं आणि मुद्दा राहिला बाजूला. माझी तक्रार वेगळी आहे. लहानपणापासून चर्चमधल्या प्रत्येक संदेशात देव मालक आणि आपण जनावर, आणि सांगणारा मात्र कायम मालकाच्या बाजूला उभा. योहान १५:१५ मध्ये प्रभू शिष्यांना दास नाही, मित्र म्हणतो. त्यावर संदेश क्वचितच ऐकला. पिल्लू वाढवताना धडा मिळत असेल तर तो वाढवणाऱ्याला: तेच तेच रोज शिकवायचं, राग गिळायचा, आणि ते चुकलं तरी संध्याकाळी त्याची भाकरी बंद करायची नाही.

जुना_विश्वासी: संध्याकाळचा मार फुकट, हे कबूल. वडिलांनीही जागच्या जागी दिला होता. पण शिस्तच नको म्हणाल तर ते शास्त्र नव्हे.

रानवाट: शिस्त नको असं मी लिहिलेलं नाही. ताईंची लांब दोरी ही शिस्तच आहे. आणि इब्री १२ अकराव्या वचनापर्यंत वाचा: तिथे शिक्षेचं फळ शांतीचं आहे. जमिनीला पोट लावून थरथरणाऱ्या पिल्लात शांती कुठे दिसली? त्या भावाने एक करावं. पिल्लू कुंपणात मोकळं सोडावं, हातात काही न घेता लांबून हाक मारावी, आणि ते येतं का ते इथे लिहावं.

जुना_विश्वासी: वडिलांचं यायचं, धावत यायचं. इब्री १२ वर मी तसूभरही हललेलो नाही.

बांधावरचा: ताई, ती लांब दोरी किती लांब? आणि ती पायांत गुंतत नाही का?