आईला पुन्हा लघवीचा त्रास (इंदूर): माहिती हवी आहे

प्रेषक: सभासद, टोरांटो

नमस्कार मंडळी,

आई इंदूरला राजेंद्र नगरात एकटी असते. वय 68, मधुमेह आहे. दिवाळीपासून तिसऱ्यांदा लघवीला जळजळ होतेय. दर वेळी मेडिकलमधून तीच गोळी आणते, बरं वाटलं की बंद करते. मला हे शेजारच्या मावशींकडून कळलं. आई स्वतः बोलायलाच तयार नाही. पुन्हा पुन्हा असं का होत असेल? यादीवर इंदूरचे कोणी डॉक्टर आहेत का?

*

प्रेषक: सभासद, तिलक नगर, इंदूर

तुझी मेल आत्ताच वाचली. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आता निवृत्त.

आधी आईला फोन कर आणि विचार: ताप आहे का, थंडी वाजते का, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखतं का, उलट्या होतात का? यातलं काहीही असलं तर आजच दवाखान्यात न्यायला हवं. तेव्हा जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेले असू शकतात, आणि मधुमेहात ते अंगावर काढणं फार धोक्याचं. नुसती जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखणं एवढंच असलं तर बहुधा संसर्ग मूत्राशयापुरता आहे.

आता तिच्या लाजेबद्दल, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. बहुतेक वेळा हा जंतू ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यातला. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पुरुषाचा 20च्या आसपास. आत शिरायला त्याला फार वाट चालावी लागत नाही. अतिशय स्वच्छ राहणाऱ्या बाईलाही हे होतं. हे तिला अगदी या शब्दांत सांग.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतं, योनीमार्गातले राखण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू घटतात, तिथली आम्लता जाते आणि ई. कोलायला बस्तान बसवणं सोपं होतं. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं आणि पुन्हा पुन्हा होणारा त्रास त्याने कमी होतो. बायका विचारत नाहीत, घाईच्या ओपीडीत कोणी सांगतही नाही. तुम्ही मुद्दाम विचारा.

दुसरं, मधुमेह. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात, लघवी पूर्ण होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते ते बघायला सांगा. मुतखडा असला तर तोही दिसेल. तिच्या साखरेच्या गोळ्याही तपासा. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलं तर लघवीतून साखर जाते आणि बुरशीमुळे खाज, आग होऊ शकते. अशा बुरशीवर अँटिबायोटिक घेतलं तर ती उलट वाढते. पण ती साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मेडिकलमधून आणलेली तीच जळजळीची गोळी मात्र पुन्हा देऊ नका. आपल्याकडे ई. कोलाय अनेक नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नाही. औषधाचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल ते बघायची तपासणी) द्यायचं: जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली धार डबीत. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्रास फार असला तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतील, रिपोर्ट आला की बदलतील.

आणि पाणी! लग्नात, गणपतीत बाहेर जायचं म्हणून आपल्या बायका सकाळपासून घोटभरही पीत नाहीत. 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला: कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण बायकांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं, तर वर्षभरातले त्रास जवळपास निम्म्यावर आले. आईंना हृदयाचा किंवा किडनीचा आजार असला तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

*

प्रेषक: सभासद, वडोदरा

डॉक्टरताई, माझ्या बाबांना (75) काही त्रास नाही, पण रुटीन तपासणीत लघवीत जंतू निघाले. औषध द्यायचं का?

*

प्रेषक: सभासद, तिलक नगर, इंदूर

त्रास नसेल तर सहसा नाही. या वयात असे जंतू बऱ्याच जणांत सापडतात. गरोदरपणात किंवा मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी मात्र उपचार करतात. बाबांना धार बारीक होणं, रात्री उठावं लागणं असं असेल तर प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) दाखवून घ्या.

*

प्रेषक: सभासद, टोरांटो

ताई, आईशी बोलले. ताप नाही, पाठ दुखत नाही. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागवला, त्यात डापाग्लिफ्लोझिन आहे. शेजारच्या मावशी उद्या सकाळी तिला डॉक्टरांकडे नेतील, कल्चरही देतील. आलेला रिपोर्ट तुम्हाला वेगळा पाठवला तर चालेल का?