ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला तुम्हाला बोलावलं नव्हतं? अनुभव लिहा

मी रत्नागिरीत एका कंपनीच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे, पण कंपनीच्या पगारावर नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या. टेबल तेच, काम तेच, फक्त गळ्यातल्या कार्डाची पट्टी वेगळ्या रंगाची. गेल्या डिसेंबरमधे रिसेप्शनला चांदणी लावायला, झाड सजवायला मी पण होते, थांबून केलं सगळं आवडीने. पार्टी कधी आहे हे कुणी बोललं नाही, मला वाटलं यंदा नसेल. मग २६ तारखेला सकाळी हॉटेलचं बिल माझ्याच टेबलावर एन्ट्रीला आलं. सुरमई फ्राय, चिकन, प्लम केक, किती प्लेटा, सगळं ओळीने वाचत वाचत मीच ते सिस्टीमला टाकलं. तेव्हा कळलं की एक वेगळा ग्रुप होता आणि त्यात आम्ही कॉन्ट्रॅक्टवाले नव्हतोच.

कुणी वाईट वागलं असं नाही, उलट दुसऱ्या दिवशी एका ताईंनी विचारलं "अगं तू का नाही आलीस?" आणि त्याचंच जास्त लागलं, कारण त्यांना माहीतच नव्हतं की मला सांगितलेलं नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली आपला सण आहे का तो, सोडून दे. पण प्रश्न सणाचा नाहीये ना. वर्षभर ज्यांच्यासोबत डबा खाल्ला ते सगळे एका टेबलाला बसले आणि मला त्यातलं माहीत नाही, हे कसं सोडून देणार.

तुमच्यापैकी कुणाकुणाला असा अनुभव आलाय ते लिहा. कोकणातलेच लिहा असं काही नाही पण इकडची माणसं लिहितील तर बरं वाटेल, कारण मुंबई-पुण्याचं सगळे लिहितात. आणि जे याद्या करतात त्यांनीही लिहा, ती यादी नक्की कशी होते ते मला खरंच समजून घ्यायचंय.

*

लोटे एमआयडीसी, केमिकल प्लँट, ऑपरेटर

आमच्याकडे पार्टी दुपारी ४ ला अॅडमिन बिल्डिंगमधे. ४ वाजता सेकंड शिफ्ट नुकती चार्ज घेऊन बसलेली असते, रिअॅक्टर चालू, बॉयलर चालू, माणूस जागचा हलू शकत नाही, आणि नाईटवाला घरी झोपलेला. म्हणजे पार्टी फक्त जनरल शिफ्टवाल्यांची. आम्हाला रात्री १० ला सुटताना टिशूत गुंडाळलेला केकचा तुकडा मिळतो, तोही सुपरवायझरच्या लक्षात राहिला तर.

आता हे होऊ शकत नाही असं कुणी सांगू नका. खंडेनवमीला आमच्याकडे मशिनची पूजा होते तेव्हा तिन्ही शिफ्टला पेढे मिळतात, कंपनीचा माणूस असो की ठेकेदाराचा, मशिनवर हात आहे ना त्याचा, मग तो पूजेला असतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो तेव्हा शपथ पण प्रत्येक शिफ्टला वेगळी होते आणि नाश्ता पण. कॅन्टीनचं तर कायद्यातच आहे, मोठ्या कारखान्यात कॅन्टीन पाहिजेच, आणि ती काय फक्त जनरल शिफ्टला उघडत नाही. म्हणजे तीन वेळा करायची पद्धत प्लँटला नवीन नाही. ख्रिसमसची पार्टी ऑफिसवाले ठरवतात आणि त्यांना शिफ्ट दिसत नाही, एवढंच कारण आहे. मी हे मीटिंगमधे बोललोय आणि परत बोलणार आहे.

*

अलिबागजवळ, खाजगी ऑफिस

माझं जरा वेगळं आहे. मी कोर्लईची, ख्रिश्चन. आमचं गाव किल्ल्याच्या पायथ्याशी, घरात आम्ही अजून पोर्तुगीजातून आलेली आमची क्रिस्ती बोली बोलतो. नाताळ म्हणजे आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा सण, आठवडाभर आधीपासून करंज्या, केक, येशूजन्माचा गोठा करणं, आणि २४ च्या रात्री सगळं गाव चर्चमधे मिस्साला.

आणि आमच्या ऑफिसची ख्रिसमस पार्टी कधी, तर २४ लाच, संध्याकाळी साडेसातला. ऑफिसात ख्रिश्चन मी एकटी. ठरवताना मला कुणी विचारलं नाही, मेसेज आला तेव्हा हॉटेल बुक झालेलं होतं. मी म्हटलं २३ ला घ्या ना, मी सगळ्यांसाठी घरून फराळ आणते. तर उत्तर आलं, अगं तू तर घरी करणारच ना, तुला काय पार्टीचं. मला बोलावलं होतं हो, नाही असं नाही, पण असं बोलावलं की येताच येणार नाही. दिवाळीची पार्टी कुणी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ठेवेल का?

फोटो आले ग्रुपवर, सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. मी ते फोटो चर्चच्या आवारात उभी राहून पाहत होते. मला राग नव्हता आला, मला एकटं वाटलं. माझ्या सणाबद्दल माझ्याशी एक शब्द बोलावा असं एकालाही वाटलं नाही.

*

घरून काम, दापोली

पार्टी पुण्यात असते. "जमलं तर ये" असा मेसेज येतो, दापोलीहून पुणं म्हणजे घाट उतरून-चढून जवळजवळ अख्खा दिवस जातो आणि वर रजा पडते. व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं एकदा, नेटवर्क गेलं, परत आलं तेव्हा कॉल बंद झालेला. कुणाच्या लक्षात आलं नाही मी गेल्याचं.

*

तारकर्ली

मी हंयसर एका हॉटेलात किचनात आसंय. आमका कोण पार्टीक बोलवतलो, पार्टी आमीच करतंव, दुसऱ्यांची. २४ डिसेंबर ते १ जानेवारी ह्या दिवसात तारकर्ली, देवबाग, मालवण, खंयच खोली गावत नाय आणि कामगाराक सुटी तर नायच. ऑफिसांचे ग्रुप येतत, नाचतत, जेवतत, आणि आमका ताट रात्री बारा वाजान गेल्यार, ता पण उभ्यान. पयल्या हॉटेलात सगळा सरला तरी "तुमी जेवलात काय" म्हणून कोणी इचारल्यान नाय.

आताच्या मालकान मात्र पद्धत घातल्यान. आमच्यातलो एकजण वेंगुर्ल्याचो क्रिस्तांव, तेंच्याकडे ६ जानेवारीक तीन राजांचो सण असता. तवसर गर्दी सरता. तो दिवस धरून हॉटेल बंद, बाहेरसून जेवण येता, मालकीण स्वता वाढता, बायको-पोरांका घेवन येवचा. किचनातल्या माणसान त्या दिवसाक किचनात पाय ठेवचो नाय असो नियम. माका ता बोनसापेक्षा मोठा वाटता. पार्टी २५ लाच होवक व्हयी असा काय आसा, उशिरा करा पण करा.

*

चिपळूण

मी बाळंतपणाच्या रजेवर होते. २६ आठवड्यांची रजा, २०१७ पासून कायद्याने आहे ती, कुणी उपकार म्हणून दिलेली नाही. रजेवर गेल्या गेल्या मला टीमच्या ग्रुपमधून काढलं, का तर "तुला त्रास नको". आणि मग पार्टी, सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या, सगळं त्या ग्रुपवर ठरलं. मी माहेरी देवरुखला, बाळ दीड महिन्याचं, मी गेले नसतेच. पण चिठ्ठीत नाव तरी टाका ना, मला पण कुणालातरी काहीतरी द्यायचं होतं, घरी बसून पाठवता आलं असतं. परत रुजू झाल्यावर सगळे त्या पार्टीतल्या गोष्टी काढून हसत होते आणि मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. ते महिनाभर चाललं, पार्टी एका रात्रीची असली तरी.

*

मुरुड

मी पीत नाही म्हणून मला बोलावलं नाही. "तुझीच अडचण होईल रे" असं नंतर सांगितलं. मी मुसलमान आहे हे त्यामागे होतं, ते तोंडाने बोलले नाहीत. माझ्या अडचणीचं मी बघितलं असतं की. मासे, भाकरी, गप्पा एवढं मला पुरतं. ईदला सगळे माझ्या घरी शीरखुर्म्याला येतात, येणारच, त्यांना मी नेहमी बोलावणार.

*

सरकारी खात्यातून निवृत्त, सावंतवाडी

आमच्या वेळी पार्टी नव्हती, २५ ला सुटी आणि क्रिस्तांव सहकाऱ्याच्या घरी सगळे मिळून जायचे, साहेबापासून शिपायापर्यंत. यादी करायची वेळच आली नाही.

*

कुडाळ, शाळा

मार्गशीर्षातले गुरुवार कुणी बघत नाही का? २०२४ मधे आमची स्टाफ पार्टी १९ डिसेंबरला ठेवली, गुरुवार होता. आम्ही बऱ्याच जणी उपास करतो, संध्याकाळी घट मांडलेला, पूजा, कहाणी, नैवेद्य, मग जेवण. मेनू पूर्ण मांसाहारी. ठरवणारे सगळे पुरुष शिक्षक, त्यांच्या घरी पण बायकांचा गुरुवार असेलच की! आम्ही गेलो नाही तर "बायकांना हौस नाही" असं बोलणं झालं. हौस आहे हो. बुधवार ठेवा.

*

मांडवा-अलिबाग रोड, ड्रायव्हर

साहेब लोकांना मुंबईहून रो-रो बोटीने मांडव्याला आणून पुढे रिसॉर्टला सोडायचं आणि पार्टी संपेपर्यंत पार्किंगमधे थांबायचं. आम्ही ड्रायव्हर लोक एकमेकांत गप्पा मारतो, वेळ जातो. जेवणाचं काही ठिकाणी सांगून ठेवतात, काही ठिकाणी नाही, मग रात्री अकराला वडापाव पण मिळत नाही तिथे. एकच मॅडम होत्या, उतरल्या की आधी रिसॉर्टच्या मॅनेजरला सांगायच्या ड्रायव्हरचं जेवण आमच्याच बिलात आणि आमच्याच वेळेला. पार्टीत बसवा असं मी म्हणत नाही, पण वेळेला जेवण हवं.

*

यादी करणारा (अॅडमिन, जयगड रोडकडे)

धागा काढलेल्या ताईंनी विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. यादी कुणी बसून "हिला नको" असं ठरवत नाही. बहुतेक ठिकाणी यादी निघते पगारपत्रकावरून. हेड ऑफिसहून बजेट येतं ते माणशी येतं, आणि माणसं म्हणजे सिस्टीममधे ज्यांचा एम्प्लॉयी कोड आहे ती. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा कोड कॉन्ट्रॅक्टरकडे, आमच्याकडे त्यांचं फक्त महिन्याचं एक बिल. म्हणून सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, कॅन्टीन, ड्रायव्हर, आणि तुमच्यासारखे टेबलावरचे कॉन्ट्रॅक्टवाले आपोआप गळतात. कुणी गाळायला लागत नाही, आणि म्हणूनच कुणाला टोचतही नाही.

मी पगारपत्रक बाजूला ठेवून गेटचं रजिस्टर घेतलं. आत कोण येतं ते सगळं त्यात असतं. आकडा जवळजवळ दुप्पट झाला, बजेट तेवढंच. मग रिसॉर्ट रद्द केलं, आवारातच मांडव घातला, जेवण गावातल्या बचत गटाच्या बायकांना दिलं, वडे-सागोती, शाकाहारींना काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे, सोलकढी, केक बाजारातून. संध्याकाळऐवजी दुपार ठेवली आणि दोन पंगती केल्या म्हणजे शिफ्टवाल्यांना पण उतरता आलं. दारू नाही. त्यावर दोन-तीन जण नाराज झाले, होऊ देत.

वरून आक्षेप आला की कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना सामील केलं तर उद्या ते कायम करा म्हणतील. जेवणाच्या पंगतीने कुणी कायम होत नाही, नोकरी कुणाची हे ठरवायचे निकष वेगळे असतात, हे मी कायदा सल्लागाराकडून लिहून घेतलं आणि फाईलला लावलं. आणि २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात कर्मचारी म्हणजे कोण हे बघा, त्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळे धरलेत. तक्रारीच्या वेळी ते आपले असतात, मग केक कापताना का नाहीत, हा मुद्दा मी मीटिंगमधे मांडला आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

*

धागा काढणारी, रत्नागिरी

सगळ्यांचं वाचतेय. कोर्लईच्या ताई, तुमचं वाचून मला आमच्या ऑफिसातल्या एका क्रिश्चन सरांची आठवण झाली, त्यांना यंदा मी स्वतः विचारणार आहे की कुठला दिवस सोयीचा. अॅडमिन दादा, गेटचं रजिस्टर आमच्याकडे पण आहे आणि बचत गटाचा दर काय पडला ते जमलं तर सांगा, मला मॅनेजरसमोर कागद घेऊनच जायचंय, नुसतं "वाईट वाटलं" म्हणून नाही.

*

सावंतवाडीजवळ, आईच्या वतीने

माझी आई एका ऑफिसात सफाईचं काम करते, बरीच वर्षं. ती टाईप करत नाही म्हणून मी लिहितेय, धागा तिला वाचून दाखवला. तिला कधी बोलावलेलं नाही, पण पार्टीच्या दुसऱ्या दिवशी एक तास लवकर मात्र बोलावतात, फुगे, कागदी प्लेटा, सांडलेलं सगळं आवरायला. एका वर्षी एका सरांनी आयत्या वेळी "मावशी, थांबा ना, जेवून जा" असं म्हटलं होतं, अगदी मनापासून म्हटलं होतं. पण आमच्या गावाची शेवटची एसटी संध्याकाळी जाते, ती चुकली की रिक्षाला दिवसाची मजुरी जाते, त्यामुळे ती निघून आली. आणि ती जुन्या साडीवर होती, तिला तशी बसायला आवडलं नसतं.

अॅडमिनवाल्यांनी लिहिलेलं दुपारच्या पंगतीचं तिला खूप पटलं, दोनदा वाचायला लावलं. तिचं म्हणणं असं की दुपारी ठेवा, आणि आदल्या दिवशी सांगा, म्हणजे ती बरी साडी नेसून येईल आणि डबा आणणार नाही.